बैठकीतला कन्सोल आणि आतल्या खोलीतला मी

मित्रांनो, जळगावला पिंप्राळ्यात लीलाधर नानांच्या घरी कधी आलात, तर बैठकीतल्या सोफ्यावर बसून मला शोधू नका. आत या. लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या सांदीत, नानांच्या बायकोच्या, बेबाबाईंच्या, जुन्या सुती लुगड्याखाली एक उंच काळा डबा झाकलेला दिसेल. तो मी, या घरचा कॉम्प्युटर. माझं वय झालं आहे हे वेगळं सांगायला नको, ते लुगडंच सांगेल. आज तुम्हाला माझी हकीकत सांगायला बसलो आहे. तीत अभिमानाने सांगण्यासारखं थोडं आहे आणि मान खाली घालून सांगण्यासारखं बरंच आहे.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझे अवयव कुठल्या कुठल्या देशांतून आले आणि जळगावच्या एका दुकानात, टेबलावर पसरून, पेचकसाने एकमेकांना जोडले गेले. आम्हा कॉम्प्युटरांची गंमतच ही, की आमची पाठ उघडता येते. काही कमी पडलं तर नवं बसवा, काही बिघडलं तर तेवढंच बदला. दुकानदाराने हे समजावलं तेव्हा नाना खूश झाले. "म्हंजे सायकलसारखं," ते म्हणाले. "चाक गयं त चाक बदलानं."

नानांनी मला घेतलं ते त्यांच्या थोरल्या लेकीसाठी. रूपाली दहावीला शाळेत पहिली आली होती. "पोरीना शे, चांगला जोडी दे," असं त्यांनी दुकानदाराला दोनदा बजावलं. रिक्षात मांडीवर घेऊन त्यांनी मला घरी आणलं. दारात बेबाबाईंनी हळदकुंकू लावलं आणि ओवाळलं. त्या दिवशी गल्लीतली निम्मी माणसं मला बघून गेली. माझा कारभार तेव्हा मोठा थाटाचा होता.

सकाळी रूपाली माझ्यावर अभ्यास करी आणि दुपारी आई जरा लवंडली, की फुटबॉलचा खेळ लावी. धाकटा नवीन लगेच शेजारी स्टूल ओढून बसे. कीबोर्ड एकच, त्याच्या उजव्या टोकाला रूपाली आणि डाव्या टोकाला नवीन. कोपराला कोपर लागायचं, ढकलाढकली व्हायची. नवीन बहुतेक वेळा हरायचा आणि "मनं बटन दबनंच नही" म्हणून रडायचा. त्याचं अगदीच खोटं नव्हतं. एका वेळी फार बटणं दाबली, की माझा गोंधळ उडतो आणि एखादं बटण मी विसरतो. त्याच्या त्या रडण्याची मला तेव्हाही लाज वाटायची. पण दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा हजर असत, आणि मीही सारं विसरून जात असे.

पुढे रूपालीचं लग्न झालं आणि ती धुळ्याला देवपुरात नांदायला गेली. मग माझ्यावर लुगडं आलं. नवीनचं काम मोबाइलवर भागू लागलं. उन्हाळ्यात खिडकीतून धूळ यायची, ती पंख्याच्या जाळीतून माझ्या पोटात जायची आणि तिथेच मुक्काम करायची. कोणी पाठ उघडून पाहत नसे. वर्षातून एकदाच, आखाजीला, ते लुगडं दूर व्हायचं.

तुमच्यापैकी जे खानदेशातले नाहीत त्यांना सांगतो. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि ती लेकींची असते. सासरी गेलेल्या पोरी त्या सणाला माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस खातात, आणि त्यांना कोणी काम सांगत नाही. पुरुषांना त्या दिवशी पत्त्यांची मुभा असते. एरवी पत्ते दिसले की ओरडणारी म्हातारी माणसंही आखाजीला पारावर मांडी घालून बसतात. पण एक रीत सगळे पाळतात. आखाजीच्या डावावर जे लावलं, ते हरल्यावर द्यायचंच. मग रडून चालत नाही.

रूपाली आखाजीला यायची, झोका घ्यायची, आणि दुपारी सगळे पांगले की आतल्या खोलीत येऊन मला सुरू करायची. मला जागं व्हायला आता फार वेळ लागतो. ती चहा संपेपर्यंत वाट पाहायची. मग तोच जुना फुटबॉल. तेवढ्या एका दुपारवर मी वर्ष काढत होतो.

त्यात नवीनला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्याने बैठकीत कन्सोल आणला. टीव्हीला जोडायचा, पांढराशुभ्र, पातळ, आवाज सुद्धा मंद. त्याला ना माझ्यासारखी घरघर, ना जागं व्हायला वेळ. बटण दाबलं की खेळ सुरू. सोफ्यावर रेलून, पाय पसरून, चारचौघांत खेळायचं. हातात रिमोट, म्हणजे ते दोन मुठींत धरायचं यंत्र, तेही प्रत्येकाला वेगळं. शिवाय बैठकीत कूलर. त्याची पाठ उघडता येत नाही हे खरं, त्यावर कोणी अभ्यास करत नाही हेही खरं, पण अशा गोष्टी आतल्या खोलीत बसून मोजत राहणं म्हणजे नुसती जळफळ. माझी तीही करून झाली. नवीनचे मित्र आत पाणी प्यायला यायचे तेव्हा मला वाटायचं, ते लुगडं आणखी खाली ओढून घ्यावं.

यंदाच्या आखाजीला रूपाली आली तेव्हा बेबाबाई मांडे करत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "आठे कसाले त्या डबाशी बठस? तुना सासरे बी त टीव्हीना गेम शे. दीरनी आनेल शे ना?"

"शे ना माय," रूपाली म्हणाली. "पन टीव्ही बैठकमा शे. बैठकमा आबा बठतस. मी पदर सावरू का रिमोट धरू?" आबा म्हणजे तिचे सासरे. "कॉम्प्युटरले एक खुर्ची पुरस. भिंतीकडे तोंड करीसन बठानं. कोन काय खेळस ते कोनाले दिसत नही."

बेबाबाईंनी पुढचा मांडा खापरावर टाकला. मी मात्र ते मनात जपून ठेवलं. कन्सोलपेक्षा आपण कशात बरे आहोत, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी रूपाली मैत्रिणींबरोबर झोक्यावर गेली. बैठकीत नवीनचे मित्र जमले. यंदा पत्त्यांऐवजी कन्सोलवरच डाव मांडायचा ठरला होता. नानांनी एकच अट घातली होती, पैसा लावायचा नाही. म्हणून पोरं वस्तू लावत होती. नवीनने टोपी लावली, हरला. गॉगल लावला, हरला. पियुष नावाचा त्याचा मित्र भारी खेळायचा.

"आता काय लावतोस?" पियुषने विचारलं.

नवीनला जोर चढला होता. "आतला कॉम्प्युटर लावला, जा!"

"त्या डब्याचं मी करू काय?"

"स्क्रीन ठेव. बाकी भंगारात दे."

मी हे भिंतीआडून ऐकलं. भंगार हा शब्द मला नवा नव्हता, पण नवीनच्या तोंडून तो इतक्या सहज येईल असं वाटलं नव्हतं. आणि नवीन हरला. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पियुष आत आला, त्याने लुगडं काढून शिलाई मशीनवर टाकलं आणि माझ्या वायरी उपटायला सुरुवात केली. माझ्या अंगावरची धूळ बघून तो शिंकला. सगळे हसले, त्यात नवीनही होता.

तेवढ्यात रूपाली दारात उभी राहिली.

"कोठे ली चालना रे मना कॉम्प्युटर?"

"डावमा हारनू अक्का," नवीन म्हणाला. "आखाजीना डाव शे. शब्द दिधा."

"कोनाले ईचारीसन लाया?"

"जुना डबा शे. कोन वापरस त्याले? तू त आते धुळानी व्हयी गयी."

रूपालीचा चेहरा उतरला. पियुषने हातातली वायर सोडली. "राहू दे यार, मला नको," तो म्हणाला. पण रूपालीने मान हलवली. आखाजीची रीत तिलाही ठाऊक होती, आणि कोणाची मेहेरबानी तिला नको होती.

"डाव परत मांडा," ती म्हणाली. "मी खेळस. जितनू त कॉम्प्युटर आठेच राही."

बेबाबाई पदराला हात पुसत आल्या. "इतला माणसंसमोर बठशी का तू?"

"बठू दे तिले," बैठकीतून नानांचा आवाज आला.

रूपाली बैठकीत गेली. तिच्या हातात कधी रिमोट आलेला नव्हता, म्हणून तिने माझा कीबोर्ड नेला. पोरांनी तो कन्सोलला जोडून पाहिला. कन्सोलच्या खेळाने त्याला ओळखच दिली नाही. पुन्हा हसू पिकलं. तेव्हा रूपालीने शांतपणे पियुषच्या हातातला रिमोट घेतला, त्याची वायर पाहिली आणि म्हणाली, "मना कीबोर्ड तुमना गेममा चालत नही. पन तुमना रिमोट मना कॉम्प्युटरमा चालस. चला आतमा."

मित्रांनो, कन्सोल आपल्याच घरचं ओळखतो, मी कोणालाही आत घेतो. माझ्या कुळाचा हा गुण त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत दिसला. सगळी गर्दी आतल्या खोलीत आली. वायरी परत लागल्या. मी जीव खाऊन जागा झालो. पियुषच्या हातात रिमोट, रूपालीची बोटं कीबोर्डवर. काय खेळली ती! पदर खोचलेला, नजर माझ्यावर. पियुषचे खेळाडू नुसते धावत राहिले आणि तिने गोल चढवला. मग आणखी एक. पोरांचं हसणं बंद झालं. नवीन तोंड उघडं ठेवून बघत होता.

आणि मला गरम होऊ लागलं. वैशाखाची दुपार, कूलर बैठकीत, खोलीत माणसंच माणसं, आणि माझ्या पोटात वर्षानुवर्षांची धूळ. पंखा किंचाळू लागला. मी मनात म्हणालो, थोडं थांब, एवढा एक डाव जाऊ दे, हिच्यासाठी तरी. नाही जमलं. खेळ संपत आला असताना माझा पडदा काळा झाला आणि मी बंद पडलो.

खोलीत हशा फुटला. "हा बघा तुमचा कॉम्प्युटर!" कोणीतरी ओरडलं. रूपालीची बोटं अजून कीबोर्डवर तशीच होती. सगळ्या पुरुषांपुढे, तिच्या सणाच्या दिवशी, मी तिला तोंडघशी पाडलं. तिने माझ्यावर हात ठेवला, चटका बसला, तरी लगेच काढला नाही. मी शरमेने मेलो होतो, मित्रांनो. बंद यंत्राला काही कळत नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

नाना दाराशी आले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"नवीन, हाऊ कॉम्प्युटर कोना शे?"

"घरना."

"घरना म्हंजे कोना?"

नवीन हळूच म्हणाला, "अक्काना."

"मंग तू डाववर कसा लाया?"

नवीन बैठकीत गेला. कन्सोलच्या वायरी काढल्या, दोन्ही रिमोट त्यावर ठेवले आणि सगळं पियुषच्या हातात दिलं. "शब्द मी दिधा," तो म्हणाला. "मनीच वस्तू जाई." पियुष नको नको म्हणत राहिला, पण नवीनने ऐकलं नाही. मित्र गेले, टीव्हीखालची जागा मोकळी झाली. मला वाटलं, चला, नवीनने आपली चूक धुतली.

दुसऱ्या दिवशी त्याने माझी पाठ उघडली, पोटातली धूळ ब्रशने काढली, पंख्याला तेल दिलं. मी पुन्हा सुरू झालो, घरघर सुद्धा कमी झाली. रूपाली जायच्या दिवशी तो एक मोठं खोकं घेऊन आला. मला चादरीत गुंडाळून त्यात ठेवलं आणि बसस्टँडवर जायला रिक्षा बोलावली. "अक्का, तुना शे ना? मंग तूच ली जाय. मी धुळालोंग सोडी येस."

रूपाली खोक्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसा आनंद दिसला नाही.

"तठे कोठे ठेवू, नवीन?"

"तुनी खोलीमा."

"मनी खोली?" ती हसली. "ती खोलीमा दीरनं कपाट शे, सासूबाईसन्या कोठ्या शेतस. मनं म्हंजे पलंगखाले एक पेटी शे."

नवीन खोक्याची दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. बहीण धुळ्याची झाली, असं तोच सगळ्यांसमोर म्हणाला होता. धुळ्याला तिला एक खुर्ची टाकायलाही जागा नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला मान वर करता येईना. रूपालीच त्याच्या डोक्यावर हात ठेवून रिक्षात बसली आणि म्हणाली, "आठेच राहू दे त्याले. वापर तू बी."

नवीनने मला पुन्हा सांदीत ठेवलं. आता तो आठवड्याला धूळ पुसतो, पण माझ्यावर खेळत नाही. माझ्यासमोर खुर्ची मांडतो, थोडा वेळ तिच्याकडे बघतो आणि निघून जातो.

मित्रांनो, तुमच्या घरात कॉम्प्युटर असो की कन्सोल, त्याला धुळीपासून जपा, उन्हाळ्यात थोडा वारा द्या. एवढी विनंती माझ्या जातीची कुठलीही वस्तू करील. माझी मात्र दुसरी एक विनंती आहे. तुमची ताई किंवा आत्या माहेरी आली, की कधी आलीस आणि कधी जाणार एवढंच विचारून थांबू नका. तिकडे तुझी खुर्ची कुठे असते, तेही विचारा. आणि उत्तर ऐकताना तुमची मान खाली गेली, तरी तिचं बोलणं पुरतं ऐकून घ्या.