स्वखुशीचा फॉर्म

विमानात माणसं जास्त आणि खुर्च्या कमी झाल्या तर खाली कोणाला ठेवायचं, हे ठरवण्यात आमच्या ह्यांची एकतीस वर्षं गेली. एका विमान कंपनीच्या मुख्य कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, प्रवासी विभागात हे बसत. खुर्च्यांपेक्षा चार-पाच तिकिटं जास्तच विकायची ही कंपनीची रीत होती, कारण दर खेपेला तेवढे लोक येतच नाहीत. ज्या दिवशी सगळे येत, त्या दिवशी ह्यांचं डोकं चालायला लागे.

कंपनीचा नियम असा की प्रवाशाला जबरदस्तीने मागे ठेवलं तर भरपाई द्यावी लागते, तीही तिकिटाच्या चौपट. तो आपणहून मागे राहिला तर मात्र चहा-नाश्त्याच्या कूपनावर भागतं आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिली की झालं. तेव्हा जो तो आपणहूनच मागे राहील अशी व्यवस्था करायची, याला ह्यांच्या कचेरीत प्रवासी सेवा म्हणत. त्यासाठी ह्यांनी एक फॉर्म तयार केला. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'मी माझी जागा स्वखुशीने सोडत आहे.' हे एक वाक्य लिहायला ह्यांना आठ महिने लागले. फॉर्म मंजूर झाला त्या संध्याकाळी हे आइसक्रीम घेऊन घरी आले होते.

मग काउंटरवरच्या मुलामुलींसाठी पुस्तिका लिहायची होती. तिची रंगीत तालीम आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यावर झाली. मी स्टुलावर बसून भाजी निवडायची आणि हे ओट्याला टेकून म्हणायचे, "मॅडम, तुमच्यासारखे समजूतदार प्रवासी भेटले की आमचं काम सोपं होतं. थोडं सहकार्य कराल?" मी म्हणायची, "नाही करणार." पंधरा दिवस ह्यांनी आवाज बदलून पाहिला, हसून पाहिलं, खाली मान घालून पाहिलं. मी काही स्टुलावरून उठले नाही. शेवटी ह्यांनी हात टेकले आणि पान बारावर एक ओळ वाढवली: 'वयस्कर जोडपे असल्यास पुरुषास विचारावे. पत्नी जवळ नसताना विचारावे.' ती ओळ वाचून मी पोट धरून हसले होते, हे इथे कबूल केलेलं बरं.

हे निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्या ताईचा फोन आला. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, बुधवारी सकाळी आठ वाजता. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझी वेणी तिनेच घातली, शाळेत तिनेच सोडलं. ती म्हणाली, "मला आत नेण्याआधी तू एकदा समोर दिस. मग काय व्हायचं ते होऊ दे." मी त्याच मिनिटाला माझ्या फोनवर मंगळवारचं तिकीट काढलं. हे म्हणाले, "घाई कशाला? चार दिवस थांबलीस तर स्वस्त मिळेल." मी थांबले नाही. हे थांबले, चार दिवसांनी आपलं वेगळं तिकीट काढलं, आणि त्यात वाचलेले पैसे मला तीनदा सांगितले.

विमान दुपारी एकचं. दवाखान्यात संध्याकाळी सातपर्यंतच भेटू देत. त्यानंतरचं विमान बुधवारी दुपारी, म्हणजे तोवर ताई टेबलावर.

आम्ही वेळेत पोचलो, सामान दिलं, गेटजवळच्या बाकावर बसलो. कागदपत्रं नेहमीप्रमाणे ह्यांच्या मांडीवरच्या फाइलमध्ये, दोघांचे बोर्डिंग पाससुद्धा. मी स्वच्छतागृहात गेले. तिथे दोनच दरवाजे चालू आणि रांग ही एवढी. माझ्यापुढे करड्या स्वेटरातल्या एक बाई होत्या. माझी चुळबुळ पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही जा आधी. तुम्हाला घाई दिसतेय."

परत आले तर हे बाकावर बसून गालातल्या गालात हसत होते. हातात गुलाबी कूपनं होती.

"हे काय?"

"अगं, तीन माणसं जास्त झालीत," हे म्हणाले. "ती काउंटरवरची मुलगी आली होती. काय बोलली, तुला सांगतो. आधी गुडघे वाकवून माझ्या नजरेच्या पातळीवर आली. मग सर म्हणाली. मग थांबली. पान बारा, अगदी शब्दन् शब्द. इतकं चोख काम मी माझ्या नोकरीतही पाहिलं नव्हतं."

"आणि?"

"सही केली."

"कशावर?"

ह्यांनी कूपनांकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी खड्डा खणला आणि कोणी छान आवाजात बोलावलं म्हणून स्वतःच जाऊन त्यात बसले, तेही बायकोला बगलेत मारून.

"ताईचं काय?" मी विचारलं. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ताईची आठवण ह्यांना खरंच तेव्हा झाली. राग येण्यापेक्षा मला रडूच आलं.

मी काउंटरवर गेले. मुलगी पंचविशीची, केस चापून बांधलेले. मी म्हटलं, "मला याच विमानाने जायचंय."

"मॅडम, सरांनी स्वखुशीने जागा सोडली आहे."

"सरांची खुशी सरांपाशी. माझी सही दाखव."

तिने फॉर्म उलटा करून खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. कुटुंबातील एका व्यक्तीची सही सर्वांना लागू राहील. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्या मागे फाइल छातीशी धरून उभे होते.

"हे वाक्य तुमचंच ना?"

"हो."

"यातून बाहेर कसं पडायचं?"

हे मूग गिळून उभे राहिले. मी ह्यांना चाळीस वर्षं ओळखते. माहीत नसतं तेव्हा हे भरपूर बोलतात. गप्प बसले की समजायचं, माहीत आहे. फॉर्मला भोक आहे हे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते कचेरीत कोणाला सांगितलेलं नव्हतं. कलाकुसरीचा तुकडा फाडायला सांगावा तसा ह्यांचा चेहरा झाला होता.

"अहो, ताई," मी एवढंच म्हटलं.

"कुटुंब म्हणजे एका बुकिंगमधली माणसं," हे पुटपुटले. मग घसा साफ करून मुलीला म्हणाले, "कलम चार बघ. आमची बुकिंग वेगळी आहेत. माझ्या सहीने हिला थांबवता येत नाही. थांबवलंस तर ती जबरदस्ती होते आणि चौपट द्यावे लागतात."

मुलीने संगणकात पाहिलं. तिचं हसू क्षणभर बंद पडलं, मग परत सुरू झालं. "बरोबर आहे, सर. मॅडमना सोडते." आणि तिने मला बोर्डिंग पास दिला. पुस्तिकेत वाद घालणाऱ्याशी वाद घालू नये, असंही लिहिलेलं आहे.

मी गेटमधून आत शिरताना मागे वळून पाहिलं. मुलगी बाकांवरून नजर फिरवत होती. आता तिला अजून दोन जागा हव्या होत्या. कोपऱ्यात एक इस्त्रीचा सदरा घातलेले म्हातारे गृहस्थ बसले होते. शेजारच्या खुर्चीवर बायकी पर्स होती, पण बाई नव्हत्या. मुलगी त्यांच्यापाशी गेली आणि तिने गुडघे वाकवले. मला काय ते कळलं. चार पावलं मागे जाऊन दोन शब्द बोलायचे होते. मी घड्याळात पाहिलं आणि विमानात जाऊन बसले.

सव्वापाचला ताईच्या उशाशी पोचले. तिने विचारलं, "भाऊजी कुठेत?" मी म्हटलं, "त्यांनी स्वखुशीने जागा सोडली." ती इतकी हसली की नर्सने मलाच दम भरला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. हे संध्याकाळी आले, कूपनं तशीच खिशात घेऊन, कारण नाश्त्याचं दुकान बंद होतं.

घरी आल्यावर ह्यांनी कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली, भरपाई मागितली. दीड महिन्याने उत्तर आलं. हे ते मोठ्याने वाचू लागले. 'आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. आपण दाखवलेल्या सहकार्याबद्दल...' तिथे हे अडखळले.

"वाचा ना पुढे."

"पुढचं पाठ आहे. हेही मीच लिहिलंय."

"हे पत्र मिळालं की लोक काय करायचे?"

"शंभरातले नव्वद परत लिहायचे नाहीत. वार्षिक अहवालात आम्ही त्यांना समाधानी प्रवासी म्हणून दाखवायचो."

"आणि त्यांना पोचायचं कुठे होतं?"

ह्यांनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता गं."

मी चांगलं झणझणीत उत्तर देणार होते. तोंडाशी आलंही होतं. पण मला ती खुर्चीवरची पर्स आठवली, आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत मला पुढे सोडणाऱ्या त्या करड्या स्वेटरातल्या बाई. विमानाचं दार बंद झाल्यावर मी पुढून मागेपर्यंत सगळ्या रांगा पाहिल्या होत्या. त्या कुठेच नव्हत्या. त्यांना कुठे पोचायचं होतं, हे मीही विचारलं नव्हतं.