मगालाही कावीळ

आमच्या बरॅकीत गर्दी जमली की समजावं, भांडण तरी आहे नाहीतर प्रमिलाबाईंचा दरबार. त्या दुपारी दरबार होता. साऱ्या कैदी बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि मधोमध दगडीबाई हात पुढे करून बसली होती.

दगडीबाई सातपुड्याच्या पायथ्याची. कारागृहात येणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्नांनी तिचं रक्त दोनदा तपासून हेपॅटायटिस सी सांगितला होता. यकृत आतल्या आत पोखरणारा आजार, बायकांच्या भाषेत कावीळच. उद्यापासून तीन महिने रोज गोळ्या, त्याही फुकट. पण इथं शब्द चालायचा तो जन्मठेपेच्या प्रमिलाबाईंचा. त्यांना दुखावलं की नळावर नंबर लागत नाही आणि संडासाजवळ झोपावं लागतं. दाराला बाहेरून कुलूप, जाणार कुठं?

प्रमिलाबाईंनी ओल्या सालीचा तुकडा दगडीबाईच्या हातांवर चोळला. "सात घाटांची कावीळ, आठव्या घाटानं उतर," असं पुटपुटत वरून पांढरट पाणी ओतलं. घमेल्यात पडलं ते पिवळंजर्द. बायकांनी हात जोडले. मग लपवलेली सुई निघाली आणि दगडीबाईच्या मनगटावर काजळाचा ठिपका गोंदला गेला. याला म्हणे रोगाचं कुलूप म्हणतात. तुरुंगात कुलपांचीच काय ती टंचाई होती.

"कावीळ बठ्ठी निंघी गयी," सगळी कावीळ निघून गेल्याच्या खात्रीनं दगडीबाई मला म्हणाली. "आते गोळ्या कसाले खाऊ?"

मी भडगावला विज्ञान शिकवायचे. सध्या खटल्याची वाट बघत इथं आहे. मला संताप आला, भीतीही वाटली. पण ही बाई माझ्यासमोर मरणाकडे चालली होती.

"प्रमिलाअक्का, माझेही हात धुवा," मी म्हटलं. माझ्या रक्ताची तपासणी स्वच्छ आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी पिवळंच झालं.

"तुझी लपलेली होती," प्रमिलाबाई बेफिकीरपणे म्हणाल्या.

मी ती साल उचलली, अंघोळीच्या प्लास्टिकच्या मगावर घासली आणि उरलेलं पाणी ओतलं. पिवळं.

दगडीबाईनं तो मग उलटापालटा करून पाहिला. "मगले बी कावीळ व्हयनी का?"

मी सगळ्यांना सांगितलं, साल अंगणातल्या आंब्याची होती आणि पाणी म्हणजे भिंती रंगवून उरलेल्या चुन्याचं. आंब्याच्या सालीचा रस चुन्यात पडला की पिवळा होतो. माणूस आजारी असो वा नसो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सुई किती जणींना एकच?"

आम्ही आपापली मनगटं पाहिली. जिकडेतिकडे ठिपके.

"हा आजार रक्तातून पसरतो," त्या म्हणाल्या. "डोळे पिवळे होतीलच असं नाही, वर्षानुवर्षं कळतही नाही. सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासू."

दगडीबाईनं डॉक्टरांसमोर पहिली गोळी गिळली. तिच्यामागे रक्त तपासून घ्यायला रांग लागली. शेवटी प्रमिलाबाई उठल्या. त्यांनी पदर बाजूला केला तर कोपरापर्यंत ठिपकेच ठिपके होते. प्रत्येक नवी सुई त्यांनी आधी स्वतःवर चालवून पाहिली होती.

"माझं पण बघा," त्या हळूच म्हणाल्या. मला त्यांची दया आली.

तेव्हा पाण्याच्या रंगावर जाऊ नका. आजार आहे की नाही ते रक्त सांगतं, आणि तो बरा करतात गोळ्या. आम्हाला डॉक्टर येईपर्यंत वाट पाहावी लागते. तुमच्या दाराची कडी मात्र आतून आहे.