दाजींचा फोटो मी खाल्ला नाही

मित्रांनो, मी मुरुमची एक म्हातारी टाकी आहे. टाकी म्हटल्यावर मान वर करून बघू नका. माझ्यावर चढून आजवर कोणी मागण्या मान्य करून घेतलेल्या नाहीत. मी तांब्यापेक्षा थोडी मोठी, रंगाने काळी, आणि माझ्यात फोटोचे रोल धुतात. अंधारात रोल चक्रीवर गुंडाळायचा, चक्री माझ्या पोटात ठेवायची, झाकण लावायचं, उजेड शिरणार नाही अशा वरच्या भोकातून केमिकल ओतायचं आणि मला हलवत बसायचं. आत उजेडाचा एक कवडसा शिरला तर अख्खं वऱ्हाड पुसलं जातं. तेव्हा अंधार सांभाळणं हा माझा धंदा.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात, साच्यातून झाला. बालपण फारसं नव्हतं. साच्यातून बाहेर पडले तीच एवढी होते. सोलापूरच्या एका दुकानातून सिद्धलिंग फोटोग्राफर, म्हणजे आमचे मालक, मला मांडीवर घेऊन एसटीने मुरुमला आले. शेजारच्या बाईने विचारलं, "डब्यात काय हाय?" मालक म्हणाले, "अंधार." बाई उमरगा येईपर्यंत सरकून बसली होती.

ते दिवस मानाचे होते. मुलगी दाखवायचे फोटो माझ्यातून निघत. त्या फोटोंवर तालुक्यातली कितीतरी लग्नं जमली, आणि पुढे त्या लग्नांचं जे काही झालं त्याबद्दल माझ्याकडे कोणी तक्रार घेऊन आलं नाही. तक्रारी आल्या त्या वेगळ्याच.

त्याचं असं आहे मित्रांनो, एका रोलमध्ये फोटो बसायचे छत्तीस आणि मांडवात फोटो हवा असायचा सगळ्यांना. नाही म्हटलं तर पाहुणा रुसतो. यावर मालकांचा उपाय होता रिकामा फ्लॅश. रोल संपला तरी समोरच्याला "हसा" म्हणायचं आणि फ्लॅश उडवायचा. माणूस खूश होऊन पंगतीला जातो. महिन्याने अल्बम येतो, त्यात तो नसतो, आणि तो दुकानात येतो. मग मालक मान हलवून म्हणत, "काढला होता हो. टाकीनं खाल्ला."

मला दात नाहीत. तरी मुरुमात मी किती माणसं खाल्ली याची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर चाले. त्यातला सगळ्यात मोठा घास म्हणजे शरणबसप्पा दाजी.

चाळीसेक वर्षांपूर्वी शांताक्काचं लग्न होतं. शरणबसप्पा हे तिच्या थोरल्या बहिणीचे, सत्यभामाबाईंचे यजमान. म्हणजे घरचे मोठे जावई. त्यांनी फोटोसाठी कोटाला इस्त्री केली होती आणि घड्याळ उसनं आणलं होतं. ते मांडवात उभे राहिले तेव्हा रोल संपला होता. मालकांनी त्यांना तीन रिकामे फ्लॅश दिले. एक उभ्याने, एक बसून, एक घड्याळ दिसेल असा. मग मालक पळत दुकानात गेले, नवा रोल घालून आले आणि पाठवणीचे दोन-तीन फोटो काढले, तेवढ्यात कॅमेऱ्याचा खटका अडकला. काही आलं नसणार, असं समजून त्यांनी तो कॅमेरा रोलसकट ट्रंकेत टाकला.

अल्बम आला. दाजी नव्हते. ते दुकानात आले. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दाजींनी तिथंच शपथ घेतली. "माझा त्या लग्नातला फोटो हातात पडल्याबिगर शांताच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय. म्या बी न्हाय अन् माझी बायको बी न्हाय." सत्यभामाबाईंना कोणी विचारलं नाही.

दरवर्षी या रुसव्यात भर पडत गेली. पाच वर्षांनी दाजी सांगू लागले की, त्या लग्नात आपण दिवसभर पंगतीला वाढलं आणि उपाशीपोटी घरी आलो. दहा वर्षांनी मांडवाचे खांबही त्यांनीच पुरले होते. अलीकडे तर ते त्या दिवशी पायात चप्पल नसताना उमरग्याहून बर्फ घेऊन आले होते. दोन्ही घरं मुरुमातच, तीन गल्ल्यांच्या अंतरावर. शांताक्काचं दार टाळायला दाजी धान्याच्या मोंढ्याला वळसा घालून स्टँडवर जायचे आणि त्यात त्यांच्या कितीतरी एसट्या चुकल्या. त्यासुद्धा माझ्या नावावर आहेत.

पुढे मोबाइल आला आणि रोल धुणं बंद झालं. दुकान मालकांच्या सूनबाईने, मोनिकाने घेतलं. झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. माझी चक्री देवघरात अगरबत्त्या खोचायला गेली. मी हळदी-कुंकवाच्या लकी ड्रॉच्या कामाला लागले. झाकण काढून, ट्यूबलाइटखाली, बायका माझ्यात हात घालून चिठ्ठी काढायच्या. ज्या पोटाने जन्मभर अंधार सांभाळला त्यातून स्टीलचे डबे लागत होते. पण हलवतात तरी, एवढ्यावर मी समाधान मानलं.

यंदा मे महिन्यात शांताक्का दुकानात आली. आता तीच आजी झालेली.

"सिद्धलिंगअण्णा, नातीचं लगीन हाय, सोनालीचं. पंधरवड्यावर आलंय. अन् माझी सख्खी बहीण तीन गल्ल्या सोडून राहती, पण येणार न्हाय. देवळात भेटतो आमी, चोरट्यावानी. तिचे गुडघे गेले, आता देऊळ बी बंद झालं."

"दाजींना समजवा की."

"चाळीस वर्सं काय करायले मग? ते म्हणतेत फोटो आन. फोटो तर तुमी खाल्ला."

"म्या न्हाय. टाकीनं," मालक म्हणाले. सवय.

शांताक्काने मला हातात घेतलं आणि भोकातून आत पाहिलं. "हिचं तोंड तर एवढंसं हाय. ते कोटातले दाजी हिच्यात शिरले कसे?"

मित्रांनो, माझ्या बाजूने कोणी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

मोनिकाने झेरॉक्स थांबवली. "मामा, त्या लग्नाचा अजून एक रोल होता म्हणला होता न्हवं का?"

"त्यात काय असतंय? खटकाच अडकला होता."

"बघायला काय जातंय," शांताक्का म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. फोटो निघेपर्यंत उठणार नाही, असं ते बसणं होतं.

ट्रंक उघडली. कॅमेरा निघाला, धुतलेला रोल पक्का करायच्या हायपोच्या खड्यांची बरणी निघाली. पण रोल धुवायचं पहिलं केमिकल काही नव्हतं. मोनिकाने मोबाइलवर शोधलं आणि वाचून दाखवलं, "इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा अन् व्हिटॅमिन सीच्या गोळ्या."

"रोल धुवायलीस का त्याचा पाहुणचार करायलीस?" मालक म्हणाले. पण सोडा घरात होता, गोळ्या मेडिकलात होत्या आणि कॉफी शांताक्काने वऱ्हाडासाठी आणलेलीच होती.

अडकलेला कॅमेरा उघडायचा तर मिट्ट अंधार हवा. जुन्या डार्करूममध्ये आता फ्रिज आहे. म्हणून मालक कॅमेरा, देवघरातली चक्री आणि मला घेऊन दुकानातल्या बाकावर, दोन घोंगड्या आणि एका सतरंजीखाली शिरले. भर दुपार. मे महिना. मुरुम.

तेवढ्यात शेजारचा भागवत आधारची झेरॉक्स काढायला आला. घोंगडीचा ढीग थरथरत होता.

"कधीपासनं ताप हाय मामांना?"

"ताप न्हाय. रोल भरायलेत," मोनिका म्हणाली.

"कसला रोल?"

घोंगडीखालून आवाज आला, "शांताच्या लग्नाचा."

भागवतने खुर्चीवरच्या म्हाताऱ्या शांताक्काकडे पाहिलं, आधार कार्ड तिथंच ठेवलं आणि बाहेर पडला. अर्ध्या तासात गल्लीतून तीन जण सिद्धलिंगमामांना बघायला आले, पैकी एकाने शहाळं आणलं होतं. मालक घामाने निथळत बाहेर आले आणि उभ्या उभ्या शहाळं प्याले, त्यामुळे कोणाचाच गैरसमज दूर झाला नाही.

मग मोनिकाने जारच्या थंड पाण्यात सगळं कालवलं आणि माझ्या पोटात ओतलं. मी आयुष्यात बरीच केमिकलं पचवली, पण असा वास आला नव्हता. सोड्यात बुडालेलं हॉटेलच जणू. शांताक्काने विचारलं, "साखर घालीत न्हायत?" मालक मला हलवत होते. हात म्हातारे झाले होते, पण लय तीच होती. खरं सांगू, मला भरून आलं. अर्थात कॉफीनेही भरले होते.

हायपो झाला, पाणी झालं. मालकांनी झाकण उघडून रोल उलगडला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याला टांगला. जवळजवळ सगळा धुरकट. एकाच चौकटीत माणसं होती. मोनिकाने मोबाइल धरून काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि तिघं वाकली.

पुढे इरकली लुगड्यातली शांताक्का, मान खाली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिचे वडील. दुसऱ्या हाताने उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलेलं. भोवती बायका रडताहेत. आणि मागे, मांडवाच्या खांबाजवळ, दाजी. कोट घातलेला. हातात ताट. ताटात गव्हाची खीर, जिला आमच्याकडे हुग्गी म्हणतात. दोन्ही गाल फुगलेले आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे. सगळा मांडव रडत होता आणि एक माणूस जेवत होता.

"आले की दाजी," मोनिका म्हणाली.

"उपाशीपोटी," मालक म्हणाले आणि खाली बसले. "गेलं. आता हे दावलं तर सात जन्म येत न्हायत ते. मोनिका, ताट काढून टाक. तुझ्या कॉम्प्युटरवर व्हतंय न्हवं? नुसते दाजी ठेव."

"व्हतंय. गाल बी बसवते थोडे."

शांताक्का दाजींकडे बघतच नव्हती. "अप्पा रडले होते व्हय," ती म्हणाली. "माझी मान खाली होती. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यात टिपूस बी न्हवतं. एवढी वर्सं तसंच वाटलं." तिने पदर डोळ्यांना लावला, अगदी फोटोतल्या अप्पांसारखा. मग म्हणाली, "काहीबी काढू नका. लगीन माझं हाय. जसं हाय तसंच न्यायचं."

मोठा फोटो निघाला. निगेटिव्ह माझ्या पोटात ठेवली, म्हणून मालक आणि शांताक्काबरोबर पिशवीतून मीही दाजींच्या घरी गेले. दाजींनी आधी मला पाहिलं.

"हिला कशाला आणली?"

"पुरावा हाय हिच्यात," मालक म्हणाले आणि दोन पावलं दाराकडे सरकले.

दाजींनी चष्मा शोधला, पुसला, लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मागून सत्यभामाबाई गुडघे धरत आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाकल्या.

"उपाशी," सत्यभामाबाई एवढंच म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून बाजेवर बसल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. रडताहेत असं वाटून मालकांनी चप्पल पायात घातली. पण त्या हसत होत्या. चाळीस वर्षं साठवलेलं हसू होतं ते, लवकर संपेना.

दाजींनी फोटो मांडीवर ठेवला. चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"हुग्गीत गूळ कमी होता," ते म्हणाले. "त्याला काय जेवण म्हणतेत? म्हणून उपाशी म्हणलो."

मालक उंबऱ्यावर होते. शांताक्का मात्र सरळ दाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"मग ह्या खेपेला गूळ तुमी बघा, दाजी. हुग्गी तुमच्या हाताखाली. आचारी बी तुमचंच ऐकंल."

दाजींनी चष्मा काढला. खिडकीबाहेर पाहिलं. मग विचारलं, "माणूस किती हाय?"

सत्यभामाबाई उठल्या आणि ट्रंकेतून लुगडं काढायला आत गेल्या.

लग्नात दाजी दिवसभर कढईजवळ उभे होते म्हणे, आणि बहिणी दोघी एका सतरंजीवर. तिसऱ्या दिवशी दाजी दुकानात आले. आहेरात मिळालेला टॉवेल आणि टोपी त्यांच्या हातात होती. त्यांनी मालकांना विचारलं, "सिद्धलिंग, खरं सांग, ते तीन फ्लॅश उडवले तवा आत रोल होता का?" मालक वळले आणि कोऱ्या कागदांच्या झेरॉक्स काढू लागले.

दाजींनी थोडा वेळ कोऱ्या झेरॉक्स बघितल्या. मग टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी झाकणावर ठेवली आणि मला मांडीवर घेऊन मोनिकाला म्हणाले, "काढ फोटो." तिने काढून लगेच दाखवला. दाजींनी नीट तपासला, दोघं आहोत का ते. "आलाय," म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, एवढीच विनंती. कामाचं भांडं काम संपल्यावर धुवा, उपडं करून वाळवा आणि त्याचं झाकण त्याच्याजवळ ठेवा. कोणावर खापर फोडण्याआधी घरातली ट्रंक उघडून बघा. ट्रंक उजेडात उघडली तरी चालते. कॅमेरा निघाला तर मात्र घोंगडी घ्या, आणि दाराला कडी लावा.