पहिल्या आकड्याची वेळ

धुळ्याजवळच्या जिनिंग मिलमधली मोठी मोटार जळाली आणि खापर फुटलं नथ्थूच्या डोक्यावर. नथ्थू दुपारपाळीचा ऑपरेटर. "मी आलो तेव्हाच वास येत होता," असं तो गळा काढून सांगत होता. पण मालक शालिग्रामशेठांचा माणसांपेक्षा मशीनवर भरवसा जास्त. मोटारीचा करंट टिपणारा रेकॉर्डर बसवलेला होता. तो काय म्हणतो ते बघू आणि नथ्थूला घरी बसवू, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं.

रेकॉर्डिंग जळगावला भाविकाकडे आलं. एका छोट्या कंपनीत असल्याच रेकॉर्डिंगचा अर्थ लावणं हे तिचं काम. अशा फाइलीत वेळ नसतेच, नुसते आकडे असतात, सेकंदाला हजार. पहिला आकडा किती वाजताचा, एवढं पायथन या संगणकभाषेतल्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडला, आपण सांगायचं. पुढचा हिशोब ती करते. पहिला चुकला की सगळे चुकतात, आणि तेही मोठ्या ऐटीत, मिलिसेकंदापर्यंत.

फाइलीच्या नावात सुरुवातीची वेळ एक पंचेचाळीस होती. तिने ती भरली. पडद्यावरची करंटची रेघ दोन वाजून चार मिनिटांनी उसळली, म्हणजे मोटार तेव्हा जळाली. दुपारपाळी सुरू होते दोनला. म्हणजे नथ्थू गेलाच.

माणसाची भाकरी जाणार, तर खात्री केलेली बरी म्हणून तिने वडिलांना फोन लावला. तोताराम त्याच मिलमध्ये वायरमन. रेकॉर्डर त्यांनीच बसवला होता.

"नाना, रेकॉर्डरला वेळ कुठली लावली होती?"

"ऑफिसना घड्याळनी."

म्हणजे वेळ बरोबरच, असं समजून ती फोन ठेवणार होती.

"ते घड्याळ धा मिनिटं पुढे शे," तेवढ्यात तोताराम म्हणाले. "लोके टाइमवर येवाले पाहिजेत म्हनीसन शेठनीच करेल शे. आम्ही सगळा मनमा धा कमी करतस. मशीनले मात्र मी तोच टाइम लावा."

दहा वजा केले की एक चोपन्न.

"तेव्हा तर तुमची पाळी होती, नाना."

"हा. मनीच."

मोटार सारखी ट्रिप होत होती, भार वाढला की आपोआप बंद पडत होती, आणि बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. म्हणून त्यांनी ट्रिपला बगल देऊन तार जोडली आणि घरी जाताना काढून टाकली. मोटार जळाली ती नथ्थूच्या पाळीतच, असं चार दिवस ते स्वतःला बजावत होते.

भाविकाला बापाचा संताप आला आणि डोळेही भरून आले. "घड्याळाचं कुणी विचारलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "निवृत्तीला तुमचे आठच महिने राहिलेत."

"तू इचारेल शे ना," तोताराम म्हणाले. "आते खरा टाइम भर."

तिने कोडमधल्या सुरुवातीच्या वेळेतून दहा मिनिटं कमी केली आणि कोड पुन्हा चालवला. रेघ एक चोपन्नला उसळली. अहवालात वेळ का बदलली ते लिहावं लागतं. माहिती देणारा: तोताराम, वायरमन. एवढं तिने नानांना फोनवरच वाचून दाखवलं.

"पाठवू?"

"पाठव. मी नथ्थूकडे जास. आनि तुनी मायले काही सांगू नको, तेबी मीच सांगसू."