पंख्याखालची नोकरी

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला बिचारी म्हणायला नको. माझ्या पोरीला कॉलेजनं फसवलं नाय, कंपनीनं नाय, नशिबानं पण नाय. मी फसवलं. मी, सगुणा, सख्खी आई तिची. अक्कल कमी आणि तोरा जास्त, अशी बाई मी.

आमचं गाव पेणजवळच्या जिते स्टेशनाच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला. प्रतिक्षा सात वर्षांची असताना तिचे बाबा गेले आणि मी मिठागरात कामाला लागले. मीठ ओढायचं काम केलंय का कधी? भर उन्हात खाऱ्या पाण्यात उभं राहायचं आणि फळीनं मीठ कडेला आणायचं. पायांना भेगा पडतात आणि भेगांत मीठ शिरतं. संध्याकाळी पोर माझ्या पायांना खोबरेल लावायची, फुंकर मारायची, आणि मी मनात एकच घोकायची. हिला मी उन्हात उभी करणार नाय.

एकदा पेन्शनच्या कागदासाठी पेणला बँकेत गेले. तिथं माझ्याच वयाची एक बाई खुर्चीत बसलेली, डोक्यावर पंखा, वाऱ्यानं पदर हलतोय. मी धीर करून विचारलं, बाई, इथं बसायला काय लागतं? ती हसून बोलली, ग्रॅज्युएट व्हायला लागतं. झालं. कॉलेज केलं की डिग्री, डिग्री आली की खुर्ची, खुर्चीवर पंखा, असं सरळ गणित मी मांडलं. मधे कुठं काय अडतं ते मला कोणी सांगितलं नाय, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

पोर बारावी पास झाली त्याच साली आमची खारातली, खाडीकाठची भातजमीन कंपनीत गेली. जमीन दोघा भावांची, सातबाऱ्यावर नावं एकत्र. एका सातबाऱ्याला एक कायमची नोकरी, असं ठरलं होतं. नाव द्यायचं, कंपनी वर्षभर शिकवणार, मग कायम करणार. माझे दीर पुंडलिक भावोजी घरी आले. माणूस सरळ. बोलले, वहिनी, थोरल्या घराचा हक्क पहिला, प्रतिक्षाचं नाव द्या. त्यांचा हरेश बारावीला दोनदा गचकलेला, नाक्यावर बसून असायचा, तरी त्यांनी त्याचं नाव काढलं नाय.

प्रतिक्षाला तर हेच हवं होतं. आळीत कोणाचा मिक्सर बंद पडला, पाण्याची मोटार अडकली, की हिलाच बोलवायचे. पकड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसली की जेवणाची शुद्ध नसायची.

"आई, माझं नाव घाल," ती बोलली. "मला मशीनचं काम आवडतं. कंपनीच शिकवणार हाय, मग कॉलेज कशाला?"

मी घालते बोलले.

आणि भावोजींबरोबर पेणच्या कचेरीत जाऊन हरेशचं नाव घातलं. कारकुनानं दोनदा विचारलं, तुम्हाला मुलगी हाय ना? मी चार माणसांत नाक वर करून बोलले, माझी पोर कॉलेजात जाणार, ती काय कंपनीच्या गेटवर कार्ड दाखवत उभी राहणार? शिफ्ट हे नापास पोरांचं काम, अशी माझी समजूत. सही केली. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना एकच अट घातली, पोरीसमोर हा विषय काढायचा नाय, तिला वाईट वाटेल. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ना, ते कर्म मी स्वतःच्या सहीनं केलं.

घरी आले तर ती चहा ठेवून बसलेली. मी पायरीवरच बोलले, पोरी घेत नाय म्हणतात गो, हरेशचं नाव घालायला लागलं. कोण म्हणालं, तिनं विचारलं. आता एक खोटं बोललं की दुसरं तयारच असतं. बोलले, तिथं एक साहेबीण होती, ती म्हणाली. पोर उठली आणि बांधावर जाऊन बसली. दिवेलागणीला परत आली ती एवढंच बोलली, "बाई असून बाईच असं बोलली?"

मी भाकरी थापत होते. मान वर केली नाय.

मग रोह्याच्या कॉलेजात नाव घातलं, केमिस्ट्रीला. ते पण माझंच डोकं. धाटावच्या केमिकल कंपन्या कॉलेजला लागूनच, पास झाली की उचलून नेतील, असं मी सगळ्या आळीला सांगत फिरले. जित्याहून गाडीनं तीन वर्षं गेली आली. मला वाटायचं कॉलेजात पोरं हसतात खेळतात, गॅदरिंग असतं, मैत्रिणी होतात. ही वर्गातून स्टेशनात आणि स्टेशनातून घरात. एकदा विचारलं, मैत्रीण कोण गो तुझी? बोलली, गाडी. आणि हसली. मी पण हसले, मला काय कळतंय.

निकाल लागला तेव्हा मी आळीभर पेढे वाटले आणि पत्राची वाट बघत बसले. डिग्री झाली की नोकरीचं पत्र पोस्टानं येतं, अशी माझी पक्की खात्री. महिनाभर पोस्टमन सुशीलला दारात अडवत होते. शेवटी तो बिचारा सायकलवरून उतरला आणि बोलला, काकी, डिग्रीला पत्र येत नाय, अर्ज करायला लागतो, आणि अर्ज केला तरी येईलच असं नाय. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

तिनं अर्ज केले. किती केले ते तिलाच ठाऊक. कुठं अनुभव मागायचे, कुठं आणखी दोन वर्षं शिकून या म्हणायचे. मधे आपल्याच जमिनीवरच्या त्या कंपनीची जाहिरात आली, ट्रेनी पाहिजेत म्हणून. तिनं वाचली आणि घडी करून ठेवली. बोलली, तिथं पोरी घेत नाय. मी समोर वाल निवडत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं मी. नाय उघडलं. शेजारची दिशा मात्र अर्ज घेऊन गेली आणि लागली पण. निळा ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, कंपनीची बस दारात. प्रतिक्षा तिच्याकडं बघत राहिली आणि मलाच समजावलं, आता घेतात वाटतं आई, आपल्या वेळेला नव्हते घेत.

वर्षभरानं तिला धाटावला काम मिळालं. कंत्राटदाराचं, पण लॅबमध्ये, असं तिनं सांगितलं. लॅबमध्ये रिपोर्ट लिहायचे. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? पंखा हाय का? ती बोलली, हाय, मोठा हाय, कागद उडतात. मला एवढा आनंद झाला की मी आळीत दोन दिवस तेच सांगत होते. मग ते आमचं रोजचंच झालं. ती संध्याकाळी आली की मी विचारायची, पंखा चालू होता ना गो? ती चप्पल काढत बोलायची, चालू होता. मग चहा, मग दिवसभराच्या गमती. त्या एका तासासाठी मी दिवस ढकलायची. कधी तिच्या केसांत पांढरी पूड दिसायची, ती म्हणायची लॅबमधली हाय. मी टॉवेलनं पुसून द्यायची. दोन वर्षं अशी गेली आणि मला वाटायला लागलं, खोटं बोलले खरी, पण पोरीचं भलंच झालं. मनाला काय, पटवलं तसं पटतं.

गेल्या महिन्यात हरेशच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दुमजली घर, खाली फरशी, वर गच्ची. कायम झाल्यापासून पोरगा बदलला, सरळ झाला, मला मनापासून बरं वाटतं त्याचं. पंगत बसली. प्रतिक्षा वरणाची बादली घेऊन वाढत होती. हरेश माझ्यासमोर आला, सगळ्यांदेखत पाया पडला. माझी ती गप्प राहायची अट त्याला कोणी सांगितलेलीच नव्हती. बोलला, "हे घर काकीचं हाय. प्रतिक्षाचं नाव जाणार होतं, काकीनं स्वतः ते बाजूला ठेवून माझं लिहायला लावलं. सख्खी आई पण एवढं करणार नाय."

लोक व्वा व्वा करत होते. भावोजींनी खाली बघितलं. मी प्रतिक्षाकडं बघितलं. तिचा हात एका पानावर थांबला, वरण भाताबाहेर वाहिलं. मग ती पुढच्या पानाकडं सरकली. त्या पंगतीत एकोणीस पानं होती. शेवटच्या पानापर्यंत तिनं वाढलं, माझ्या पण पानात वाढलं, आणि भातावर तूप हवं का विचारलं.

घरी आल्यावर तिनं साडीची घडी घातली आणि विचारलं, "आई, त्या कचेरीत साहेबीण होती का कोण?"

मी बोलले, "नव्हती."

"सहा वर्षं त्या बाईला मी शिव्याशाप दिले," ती बोलली. आवाज चढला नाय तिचा. चढला असता तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते. "मला वाटायचं, सगळे नको म्हणाले तरी माझी आई माझं नाव घेऊन उभी होती तिथं. त्याच्यावर मी दिवस काढले."

मी सांगायला गेले की तुझ्या भल्यासाठी गो, उन्हात नको म्हणून. ती बोलली, माहीत हाय. एवढंच. रडली नाय, जेवली, झोपली.

मग चार दिवस ती सकाळी उठून कामाला जायची, संध्याकाळी यायची. जेवलीस का विचारायची, गोळी घेतलीस का विचारायची. आजारी शेजारणीची चौकशी करावी तशी. चहा घेऊन मी बसायची आणि ती आत निघून जायची.

पाचव्या दिवशी ती दारात आली आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "पंखा चालू होता ना गो?"

ती चप्पल काढत होती. थांबली.

"तिथं पंखा नाय, आई. कधीच नव्हता. मी लॅबमध्ये नाय. पत्र्याच्या शेडमध्ये पावडरच्या गोणी शिवते. माझ्या शेजारी दहावी नापास बायका हायत, त्या मला शिकवतात कसं शिवायचं ते."

मी बोलले, मग मला का नाय सांगितलंस?

"तुझा जीव होता त्या पंख्यात."

मी उठले. पुढं होऊन बोलले, हात दाखव. ज्या हातात पकड असायची, ज्या हातांनी माझ्या पायांना खोबरेल लावलं, ते हात दोन वर्षांत मी एकदा पण उलटून बघितले नव्हते. दाखव गो एकदा, बोलले.

तिनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले आणि आत गेली.