नळाखालचा पेला

लेओंसने यंत्राच्या बारीक नळीचा नळ उघडला, लाकडी पेला अर्धा भरला आणि घोट तोंडात धरून उभा राहिला. मग खांद्याने दार ढकलून बाहेरच्या बर्फात थुंकला.

गोड.

या नळीतून नुसतं पाणी यायला हवं. मेपलच्या झाडांचा रस या आरओ यंत्रात दाबाखाली जातो, साखर एका बाजूला राहते आणि पाणी दुसऱ्या बाजूने निघून जातं. रस दाट झाला की तो आटवून पाक करायला काहिलीखाली लाकूड कमी लागतं. पाण्याला गोडी आली याचा अर्थ मेम्ब्रेनमधून, म्हणजे यंत्रातल्या नळकांड्यासारख्या गुंडाळलेल्या पडद्यातून, साखर निसटते आहे आणि गटारात वाहून चालली आहे. झाडं तर वर्षातून एकदाच, बर्फ वितळायच्या दिवसांत रस देतात.

सकाळपासून त्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. मेम्ब्रेनच्या आधी बसवलेली गाळणी बदलली होती. साबणाचं पाणी फिरवून मेम्ब्रेन धुतलं होतं, मग साबणाचा वास जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळून काढलं होतं. दाबाचा काटा जागेवर होता. यंत्राच्या खोलीतला हीटर चालू होता, म्हणजे गोठून फाटलं असंही नव्हतं. तरी गोड. कालच्यापेक्षा जरा कमी, पण गोड. हे रोज थोडं थोडं कमी होणंच त्याला लबाडीचं वाटत होतं.

त्याच्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे मेहुणा.

गेल्या वर्षी हंगाम संपला तेव्हा त्याची बायको आर्मेल दवाखान्यात होती. मेम्ब्रेन उन्हाळाभर ओलं आणि गार ठेवावं लागतं. तिचा धाकटा भाऊ ओव्हिला आपणहून म्हणाला होता, "माझ्या तळघरात माझ्याबरोबर तुमचंही ठेवतो, दाजी." रस्त्यापलीकडे त्याचं पाक काढायचं साखरघर, दोघांची यंत्रं एकाच मापाची. पानं गळायच्या सुमाराला आर्मेल गेली. हिवाळ्याच्या शेवटी ओव्हिलाने मेम्ब्रेन आणून दिलं, तेव्हा त्यावरची नावाची चिठ्ठी नव्हती. "पाण्यात राहून सुटली," म्हणाला. आणि दफनानंतरच्या जेवणाला त्यानेच विचारलं होतं, "यंदा तुमची झाडं माझ्याच रसाच्या नळ्यांना जोडू का? एकट्याने कशाला ओढाताण?" लेओंसने तेव्हा ते नीट ऐकलंही नव्हतं. आता रोज ऐकू येत होतं.

त्याने यंत्र बंद केलं. टाकी काठोकाठ भरलेली, बाहेर ऊन. रस असाच राहिला तर आंबणार. त्याने फोन लावला.

ओव्हिला आला तो हातात बायकोने दिलेलं झाकलेलं भांडं घेऊन.

"मार्गोने बीन्स दिलेत. डुकराचं मांस सढळ घातलंय. दाजी वाळत चाललेत म्हणते."

"ठेव तिकडे. आधी पाणी चाख."

लेओंसने यंत्र सुरू केलं आणि ओव्हिलाने नळाखाली ओंजळ धरली. आर्मेलही अशीच धरायची, पाणी चाखायचं काम तिचं होतं. तो प्याला आणि मिशी पुसली.

"पाणी आहे."

"नीट चाख."

"आता पाणी आणखी किती नीट चाखू? खिशात गोडी मोजायची काच आहे माझ्या. साखर मोजूनच बघू या."

"तुझी काच तुझंच म्हणणं मांडणार."

"मग जीभ डॉक्टरला दाखवा."

"जीभ ठीक आहे माझी. मेम्ब्रेन माझं नाही."

ओव्हिलाचं हसू ओठांवरच राहिलं.

"म्हणजे?"

"तळघरात दोन होती. चांगलं कुठलं, झिजलेलं कुठलं, ते तुलाच ठाऊक."

"दाजी, मी माझ्या बहिणीच्या घरची वस्तू बदलली म्हणता?"

लेओंसने पेला भरून पुढे केला.

"यातून चाख."

ओव्हिलाने पेला घेतला. मेपलच्या गाठीतून कोरलेला, पट्ट्याला अडकवायला चामड्याची दोरी ओवलेला. ओव्हिलाच्या बापाने आर्मेल शाळेत जायच्या आधी तिला कोरून दिला होता. दरवर्षी काहिलीतून पहिला पाक उतरला की ती तो कढत कढत यात घ्यायची, फुंकर मारत प्यायची आणि पेला तळाच्या पाकासकट तसाच खिळ्याला टांगायची. धुवायची नाही. यंदा लेओंसने तो खिळ्यावरून काढून यंत्राशेजारी आणून ठेवला होता.

ओव्हिलाने घोट घेतला. पेला उजेडाकडे कलता करून आत पाहिलं. काळ्या पडलेल्या तळावरून अंगठा फिरवला आणि थोडा वेळ तो अंगठा मुठीतच धरून राहिला.

"आहे," तो म्हणाला. "गोड आहे."

"मग?"

"मग काय? थांबा."

तो गेला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं स्वतःचं मेम्ब्रेन घेऊन आला. यंत्र थांबवून, कड्या सोडून लेओंसचं बाहेर ओढलं, रबराच्या कड्यांना बोटाने ग्लिसरीन लावलं आणि आपलं आत सरकवलं. जुनं गोणपाटात गुंडाळून काखेत मारलं.

"बीन्स गरम करून खा," दारातून एवढंच म्हणाला.

लेओंस खिडकीतून त्याला रस्ता ओलांडताना बघत राहिला. भांडला नाही. एवढं तोंडावर बोललो, तरी स्वतःच्या यंत्रातलं काढून दिलं. निर्दोष माणूस असं करतो का? त्याने उभ्या उभ्या बीन्स थंडच खाल्ल्या.

मग यंत्र सुरू केलं. पहिलं पाणी वाहू दिलं, काटा स्थिर झाल्यावर पेला भरला.

गोड.

"भामटा!" तो मोठ्याने म्हणाला. "दोन्ही खराब!"

फोन घ्यायच्या आधी त्याने बोटांना लागलेल्या बीन्स धुवायला हात नळाखाली धरले. तहानही लागली होती. त्याने ओंजळ तोंडाला लावली.

पाणी. नुसतं पाणी.

त्याने पेल्यातून चाखलं. गोड. पुन्हा ओंजळीतून. पाणी.

त्याने यंत्र बंद केलं. खोलीत हीटरचा आवाज तेवढा राहिला. त्याने पेला नाकाशी नेला, आणि तसाच बराच वेळ धरला. पहिल्या दिवशी किती गोड लागलं होतं, ते त्याला आठवलं. मग काल. मग आज. दारापाशी, जिथे तो रोज थुंकत होता, तिथे बर्फाला खड्डा पडला होता.

पेल्यात घोटभर उरलं होतं ते तो प्याला. सदऱ्याच्या टोकाने पेला आतून कोरडा केला आणि खिळ्याला टांगला.

मग त्याने कड्या सोडून ओव्हिलाचं मेम्ब्रेन बाहेर काढलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला सगळ्या साखरघरांच्या छपरांतून वाफ निघत होती. ओव्हिलाच्या छपरातून नव्हती. तो आत उलट्या बादलीवर बसला होता. यंत्राचं तोंड उघडं होतं. लेओंसचं मेम्ब्रेन कोपऱ्यात तसंच गोणपाटात उभं होतं.

"बसवलं नाहीस?" लेओंसने विचारलं.

"तुमचं आहे."

लेओंसने काखेतलं खाली ठेवलं.

"हे घे. यातून नुसतं पाणी येतं."

"आणि त्यातून?"

"त्यातूनही."

ओव्हिला उठला आणि फळीवर पाना शोधू लागला. पाना समोरच होता. पाठमोराच तो म्हणाला,

"पेला?"

"पुसून टांगलाय," लेओंस म्हणाला. "थोडी गोडी उरलीय त्यात."