मुठीचं माप

मी टोपडं मुठीवर मापते. टेप, पट्टी असल्या भानगडी मला कधी लागल्या नाहीत. दिवस भरून आलेल्या बाळाला मूठ आणि वर दोन बोटं सैल, लवकर आलेल्याला नुसती मूठ. इस्पितळाच्या धुलाईखात्यातून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी टोपड्यांची एक पिशवी बाळंतिणींच्या वॉर्डात नेऊन देते. सांगितलं कुणीच नव्हतं. हौस म्हणून सुरू केलं, मग हौस संपली आणि सवय तेवढी उरली. माझी लेक चिडवायची, "अख्ख्या गावाला टोप्या घालूनही बदनाम न झालेली माझी आई एकटीच!"

हल्ली ती चिडवत नाही. तिचं बाळ साडेसात महिन्यांतच आलं. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी. पेटीच्या भोकातून हात आत घालायची परवानगी फक्त आईला, मी आपली काचेबाहेरून बघणार. पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझे डोळे एकच शोधत होते. नऊ वर्षं परक्यांच्या पोरांसाठी विणलं, आता नातीच्या डोक्यावर माझ्या हातचं टोपडं असावं, एवढंच मागणं होतं हो माझं.

तिच्या डोक्यावर बँडेजच्या जाळीचा तुकडा होता, वर गाठ मारलेला.

माझं डोकंच फिरलं. थोरल्या सिस्टरांना तिथेच गाठलं.

"मी दर आठवड्याला पिशवी आणते ती काय शोभेला? माझ्या नातीला चिंधी बांधता?"

त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं आणि मग भिंतीतलं कपाट उघडलं. खालचे दोन्ही खण माझ्या टोपड्यांनी गच्च भरले होते.

"मावशी, दोन वर्षं झाली, तुमची टोपडी मोठी होतायत. पोरांच्या नाकापर्यंत घसरतात. तुम्ही एवढे जिने चढून आणता, सांगायला कुणाची जीभच रेटली नाही."

"मोठी कशी होतील? मी मुठीवर मापते!"

सिस्टरांनी नुसतं माझ्या हातांकडे बघितलं. मग मीही बघितलं. पेरांच्या गाठी झालेल्या, बोटं एकमेकांना नीट टेकत नव्हती. अंगठी तर कधीच काढून ठेवली होती. हात दुखतात हे मला रोज कळत होतं, पण मूठच वाढली हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. दोन वर्षं मी कपाटासाठी विणत होते. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त थकवा आला. तीन मजले उतरून घरी जायचंसुद्धा जिवावर आलं.

बाहेरच्या बाकावर लेक बसली होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पुरे झालं आता. सुया टाकून देते."

"टाक खुशाल. पण आधी एक करून दे," ती म्हणाली. "त्या जाळीत तिला बघवत नाही गं मला."

"माप कुठनं आणू?"

तिनं आपली मूठ पुढे केली. "हिच्यावर घे. रोज तिचं डोकं हातात धरते, मला माहितीय ना."

मग रोज दुपारी त्याच बाकावर विणायला बसायला लागले. पूर्वी एका बैठकीत टोपडं उतरायचं, आता दिवसाला दोन ओळी झाल्या तरी खूप. टाके सुटायचे. तीनदा उसवलं. लेक शेजारी बसून डुलक्या काढायची, मी तिचा हात उचलून त्यावर माप बघायचे, तिला जागही यायची नाही. दोघींचाही पार चोथा झाला होता. सतराव्या दिवशी शेवटचा टाका बंद केला.

सिस्टरांनी ते नातीच्या डोक्यावर चढवायला घेतलं. कपाळाशी आलं आणि अडलं. थोडं ताणून बघितलं, तर कातडीवर वळ उठायला लागला.

"डोकं वाढलंय, मावशी!" त्या हसल्या. "वजनही वाढलंय. अहो, याचीच तर वाट बघत होतो आपण."

लेक रडायलाच लागली. माझाही जीव भांड्यात पडला. पण खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं. पोरगी जगणार म्हणून आनंद, आणि आणखी एक विणायची ताकद हातात नाही म्हणून वाईट. दोन्ही एकदमच.

सिस्टर टोपडं हातात धरून घुटमळत होत्या. पलीकडच्या पेटीत आदल्या दिवशी आलेलं एक बाळ होतं, मुठीएवढ्या डोक्याचं. पेटीजवळ त्याची आई उभी होती. विशीतली पोर, कालपासून तिच्यासोबत कुणी आलेलं दिसलं नव्हतं. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

टोपडं त्या बाळाला असं बसलं, जणू त्याच्याच डोक्यावर विणलं होतं.

"कुणाचंय हे?" पोरीनं घाबरत विचारलं. "परत द्यायचं का?"

लेक माझ्याकडे बघत होती. सतरा दिवस तिनं मूठ दिली होती.

"परत कसलं करतेस?" मी म्हटलं. "तुझ्याच बाळासाठी विणलंय."

बाहेर बाकावर येऊन बसलो, तेव्हा लेकीनं माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि हळूहळू चोळायला लागली.